पुण्यात रानबदाम शोधताना

भाची पुण्यात वनस्पतिशास्त्रात संशोधन करते. तिचा विषय म्हणजे बदामाचे रानातले नातेवाईक. काम सगळं संगणकावरचं: जगभरातल्या प्रयोगशाळांनी खुली केलेली जनुकांची माहिती उतरवून घ्यायची आणि कोण कोणाच्या जवळचं, ते ताडून बघायचं. बदामाचं झाड तिने अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही, यावरून घरात तिची भरपूर थट्टा होते. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे थट्टेत माझा वाटा मोठा. "आमच्या सांगलीत कोपऱ्यावर जंगली बदाम उभा आहे, तोच येऊन बघ," असं मी फोनवर म्हटलं, तर ती म्हणाली, "मावशी, त्याचा आणि बदामाचा काडीचा संबंध नाही. तू आणि आई या इकडे, मग सांगते." फेब्रुवारी संपत आला होता आणि ताईला लेकीकडे जायला निमित्त हवंच होतं.

शुक्रवार : एरंडवणं

गाडी वेळेवर आली, जागा खिडकीची मिळाली, तेव्हा प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. भाची मैत्रिणींबरोबर एरंडवण्यात एका जुन्या इमारतीत भाड्याने राहते. दुपारी चहा घेऊन ती आम्हाला प्रभात रोडच्या गल्ल्यांमधून फिरायला घेऊन गेली. ऊन चटचटत होतं, पण सावलीत गेलं की अजून थंडीची चव होती.

एका बंगल्याच्या कंपाउंडपाशी आलो आणि ताईने पदर नाकाला लावला. "अगं, इथे ड्रेनेज फुटलंय वाटतं."

फाटकापाशी खुर्ची टाकून बसलेले वॉचमनकाका हसायला लागले. म्हणाले, "नवीन भाडेकरू आला की तो दरवर्षी हेच म्हणतो. मागल्या वर्षी एकाने प्लंबर आणला. अर्धा दिवस फरशा उचकटल्या त्याने. मी म्हटलं, साहेब, वर बघा."

वर बघितलं. पानं जवळजवळ नसलेलं, सरळसोट खोडाचं भलंमोठं झाड, आणि फांद्यांच्या टोकांना काळपट लाल, मातकट फुलांचे घोस. वास त्यांचाच. हा जंगली बदाम. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये त्याचं नाव 'स्टर्क्युलिया फीटिडा' ठेवलं. स्टर्क्युलियस हा रोमन लोकांचा शेणखताचा देव, आणि फीटिडा म्हणजे दुर्गंधी. एवढ्यावरही समाधान न झाल्यासारखं त्याने दोन्हीकडून वासच सांगितला आहे. माश्यांना हा वास आवडतो आणि परागीभवनाचं काम त्याच करतात, त्यामुळे झाडाच्या दृष्टीने सगळं व्यवस्थित आहे.

काकांनी कोपऱ्यात जपून ठेवलेलं गेल्या वर्षीचं फळ आणून दाखवलं. होडीच्या आकाराच्या लाकडी कवचांचा झुपका, एकेक कवच मुठीएवढं. पिकताना ही कवचं लालभडक होतात, उकलतात आणि आत काळ्या बिया ओळीने चिकटलेल्या दिसतात. "आमच्याकडे पोरं भाजून खातात," काका म्हणाले. भाजून खातात हे खरं, पण भाचीने लगेच सांगितलं की या बियांच्या तेलात स्टर्क्युलिक आम्ल नावाचं वेगळंच मेदाम्ल असतं, म्हणून मूठमूठ खाऊ नये.

"मग हे बदामाचं कोण?" ताईने विचारलं.

"कुणी नाही. हे भेंडी, कापूस आणि कोको यांच्या कुळातलं."

पुढच्या गल्लीत देशी बदाम भेटला, आडव्या फांद्यांचे मजले असलेला, निम्मी पानं लाल झालेला. हा तर आमच्या ओळखीचा. लहानपणी रत्नागिरीला आजोळी गेलो की वटवाघळांनी खाऊन टाकलेली फळं सकाळी गोळा करायची, दगडाच्या खळग्यात उभी धरायची आणि दुसऱ्या दगडाने फोडायची. बोट फुटणार हे ठरलेलं. आतली गिरी बारीक, पण चव अगदी बदामाची. हाही बदामाचा नातेवाईक नाही. त्याचं गोत्र हिरडा, बेहडा, अर्जुन आणि ऐनाचं.

दगडाच्या खळग्याची गोष्ट ऐकून भाची थांबली. उत्तर इस्रायलमध्ये जॉर्डन नदीकाठी गेशेर बेनोत याकोव्ह नावाची जागा आहे. तिथे सुमारे ७,८०,००० वर्षांपूर्वीचे खळगे पडलेले दगड सापडले, आणि त्याच थरात टणक कवचांच्या फळांचे अवशेष. त्यांत रानबदाम होता. तेव्हा शेती तर सोडाच, आपली मानवजातही नव्हती. त्या आधीच्या माणसांनी हे दगड वापरले. ताईला हे फार आवडलं. रात्री थालीपीठ खाताना ती दोनदा म्हणाली, "म्हणजे आपण करायचो तेच."

(जंगली बदाम फुललेला बघायचा तर फेब्रुवारी-मार्चमध्ये या. झाडाखाली जेवणाचा डबा उघडू नका.)

शनिवार : मंडई, रविवार पेठ, कॅम्प

डेक्कनहून मेट्रो पकडायची, सिव्हिल कोर्टला बदलायची आणि मंडईला उतरायचं. गावात गाडी लावायला जागा शोधण्यापेक्षा हे शंभरपटीने बरं. जिने मात्र खोल आहेत, गुडघ्यांनी लिफ्टच वापरावी.

मंडईत हरभऱ्याचे घाटे, रामफळं आणि कलिंगडं यांचा बाजार भरात होता. तिथून चालत रविवार पेठेत सुक्या मेव्याच्या एका जुन्या दुकानात गेलो. भाचीची तिथे ओळख झालेली आहे, कारण ती नमुने म्हणून दहा-दहा बदाम मागते आणि प्रत्येकाचा देश विचारते. शेठ पांढऱ्या शर्टातले, चष्मा कपाळावर ठेवलेले. त्यांनी तीन परातींतून मूठमूठ समोर ओतली.

पहिले कॅलिफोर्नियाचे: सपाट, गुळगुळीत, एका मापाचे. जगातले साधारण ऐंशी टक्के बदाम एकट्या कॅलिफोर्नियात पिकतात. त्यातली सर्वांत जास्त लावली जाणारी जात नॉनपरेल, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या एका बागायतदाराने रोपांमधून निवडलेली. दुसरे ममरा: फुगीर, वाकडेतिकडे, तेलकट. इराण-अफगाणिस्तानकडून येतात, काश्मिरातूनही, आणि भाव कॅलिफोर्नियाच्या तिपटीच्या आसपास. तिसरे गुरबंदी: अफगाणिस्तानातून येणारे, लहानखुरे, गडद सालीचे. "हे लोक औषधासारखे नेतात," शेठ म्हणाले. "ताकद असते म्हणतात. खाऊन बघा."

ताईने एक गुरबंदी तोंडात टाकला. चावला. मग तिचा चेहरा बदलला.

"थुंका, थुंका, गिळू नका," शेठनी पाण्याची बाटलीच पुढे केली. त्यांना याची सवय असावी.

मी तिच्या हातातला उरलेला अर्धा तुकडा जिभेच्या टोकाला लावला. आधी काही नाही. मग एकदम बदाम इसेन्सचा वास, आइस्क्रीममध्ये येतो तो, आणि त्याच्यामागोमाग जीभ आखडणारा कडूपणा. गंमत अशी की आपण ज्याला बदामाचा वास म्हणतो तो गोड बदामाला जवळजवळ नसतोच. तो कडू बदामाचा वास आहे.

इथे माझ्यातली मास्तरीण जागी झाली. कडू बदामात अमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं. रोबिके आणि बुत्राँ-शार्लार या फ्रेंच रसायनज्ञांनी ते १८३० मध्ये वेगळं काढलं, आणि पुढे १८३७ मध्ये व्होलर आणि लीबिग या जर्मन जोडीने त्याचं विघटन कसं होतं ते दाखवलं. अख्ख्या दाण्यात अमिग्डालिन एकीकडे आणि त्याला फोडणारी विकरं (एन्झाइम्स) दुसरीकडे. दाणा चावला, ओल मिळाली की दोघांची गाठ पडते आणि तीन गोष्टी निघतात: साखर, बेंझाल्डिहाइड म्हणजे तो इसेन्सचा वास, आणि हायड्रोजन सायनाइड. चावून खाणाऱ्याला मिळावं म्हणूनच विष असं दोन भागांत ठेवलेलं असतं. रानातल्या जवळजवळ सगळ्या बदामांची हीच रीत आहे. उंदीर-खारींपासून बी वाचवायचं तर दुसरं काय करणार ते झाड?

ताई आता सावरली होती. "आपल्याकडे म्हणतात ना, चांगल्या झाडालाही एखादा दाणा कडू लागतो."

"नाही गं आई. एका झाडाला थोडे गोड, थोडे कडू असं होत नाही. झाड कडू तर त्याचे सगळे बदाम कडू. झाड गोड तर सगळे गोड."

"मग या मुठीत एकच कसा निघाला?"

शेठ म्हणाले, "पोत्यात येतो मिसळून. तिकडे डोंगरात एकेका घरची दोन-चार झाडं, सगळ्यांचा माल एकत्र होतो." भाचीने मान डोलावली. "बरोबर आहे शेठजींचं. पण त्या घरची झाडं कडू का निघाली, ते सोमवारी सांगते. त्याला माळी लागतो."

(बदाम घेताना: कडू लागला तर थुंकून टाका, लहान मुलांना गुरबंदी देताना प्रत्येक दाणा आधी चाखा. थोडेसे कडू बदामही लहान मुलाला धोक्याचे ठरू शकतात. फारच स्वस्त 'बदाम तुकडा' दिसला तर तो जर्दाळूच्या बियांचा असू शकतो, दोन्हींची गिरी सारखी दिसते.)

दुपारी कॅम्पात गेलो. मला एका जुन्या पारशी खानावळीत जर्दाळू घातलेली सल्ली बोटी खायची होती. ताई शाकाहारी, तिने वरून पसरलेली बटाट्याची सल्ली तेवढी माझ्या ताटातून बाजू-बाजूने खाल्ली. रश्श्यातला जर्दाळू मऊ, आंबटगोड, मटणाला चिकटलेला. खरं सांगायचं तर बदामाचा सख्खा नातेवाईक आम्हाला पुण्यात सर्वांत आधी इथे भेटला. जर्दाळू, पीच, आलुबुखार, चेरी आणि बदाम ही सगळी 'प्रूनस' या एकाच प्रजातीतली, गुलाबाच्या कुळातली. बाकीच्यांचा आपण गर खातो आणि बी टाकतो. बदामाचा गर चामड्यासारखा वाळून उकलतो, तो टाकतो आणि बी खातो.

त्यावरून ताईने मोबाइल काढला. तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला निरोप होता: जर्दाळूच्या कडू बिया रोज खा, त्यात 'बी-१७ जीवनसत्त्व' असतं, कर्करोग बरा होतो. हे मी तिथल्या तिथे पुसायला लावलं. बी-१७ नावाचं जीवनसत्त्वच नाही. ते अमिग्डालिन आणि त्याच्यापासून केलेलं लेट्राइल. कर्करोगावर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि ते घेऊन सायनाइडची विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. असल्या निरोपांवर हसून सोडून द्यायचे दिवस आता गेले, असं माझं मत झालंय.

बन-मस्का खायला म्हणून एका इराणी हॉटेलात शिरलो. गल्ल्यामागे बसलेले आजोबा ऐंशीच्या पुढचे असतील. भाचीने सवयीने त्यांना विचारलं, "तुमच्याकडे रानात बदाम असतात ना?" आजोबांनी आधी पोऱ्याला आमचा चहा लवकर आणायला सांगितलं, मग खुर्ची जवळ ओढली.

त्यांचे वडील यज्दजवळच्या डोंगराळ गावातून आले. आजोबांचा स्वतःचा जन्म पुण्याचा, मराठी आपल्यासारखीच, मध्येच हिंदी. "बादामे-कूही बोलतात त्याला. डोंगरातला बदाम. झुडूप असतं, पानं नावाला. माझी आजी करायची असं वडील सांगायचे. फोडायचा, गिरी काढायची, पाण्यात उकळायची, पाणी फेकायचं. परत नवीन पाणी, परत उकळ. कडू जाईपर्यंत. मग मीठ लावून भाजायचं. थंडीत शेगडीभोवती बसून खायचं."

यात बरोबर रसायनशास्त्र आहे. अमिग्डालिन गरम पाण्यात विरघळून निघून जातं, आणि सुटलेलं हायड्रोजन सायनाइड २६ अंशांनाच उकळतं, म्हणजे वाफेबरोबर उडतं. आजींना हे कुणी शिकवलं नव्हतं. (घरी करून बघू नका. किती पाण्यांनंतर बदाम खाण्याजोगा होतो हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं त्यांनाच कळतं.)

त्या झुडपाचा डिंकही निघतो. इराणात झेदो नावाने तो विकतात, औषधांत आणि खाण्याच्या पदार्थांत घालतात. हे ऐकताच ताईने डिंकाच्या लाडवांचा विषय काढला. आजोबांना लाडू ठाऊक होते, त्यांची शेजारीण बाळंतिणीसाठी करायची. मग पुढचा अर्धा तास बाभळीचा डिंक चांगला की धावड्याचा, यावर गेला. चहाचे पैसे त्यांनी घेतले, बनचे घेतले नाहीत.

रविवार : वेताळ टेकडी

पहाटे साडेपाचला उठून टेकडी चढणं हा पुणेकरांचा धर्म आहे, आणि पाहुण्यालाही तो पाळावा लागतो. एआरएआयच्या रस्त्याने वर गेलो. हवा गार होती, खाणीच्या बाजूने मोर ओरडत होता. गिरिपुष्पाच्या निष्पर्ण फांद्यांवर फिकट गुलाबी फुलं आली होती. लांबून बघितलं तर काश्मिरातल्या बदामाच्या बहराचं चित्र आठवावं इतकी. एका बाईने फोटो काढताना "चेरी ब्लॉसम" म्हटलंसुद्धा. गिरिपुष्प मेक्सिकोकडचं, वनखात्याने लावलेलं, आणि त्याला आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात.

वेताळाच्या देवळापाशी बसून भाचीने मोबाइलवर तिचे खरे रानबदाम दाखवले. हा भाग मला सगळ्यांत आवडला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रानबदामाच्या पंचवीस-तीस जाती मानतात, आणि त्या भूमध्य समुद्रापासून इराण, मध्य आशिया ओलांडून चीनपर्यंत पसरलेल्या आहेत. बहुतेक सगळ्या उन्हाळा कोरडा असलेल्या, दगडगोट्यांच्या उतारांवर. 'टेनेला' नावाचा बुटका बदाम मध्य युरोपपासून सायबेरियापर्यंतच्या गवताळ प्रदेशात वाढतो, कमरेच्या वर फारसा जात नाही. 'कुरामिका' अफगाणिस्तान आणि पाकिस्तानच्या सरहद्दीवरच्या डोंगरांत, कुर्रमच्या खोऱ्याचं नाव घेऊन. 'वेबाय' बाल्कन देश, दक्षिण इटली आणि तुर्कस्तानात: काटेरी, बारीक पानांचा. आर्मेनियाच्या खडकाळ उतारांवरचा 'फेन्झ्लियाना' फुलांनी, पानांनी आणि फळांनी लागवडीच्या बदामाशी इतका जुळतो की काही वनस्पतिशास्त्रज्ञ त्यालाच आपल्या बदामाचा पूर्वज मानतात.

"मानतात म्हणजे? तुझा संगणक काय म्हणतो?"

"तिथेच तर माझा प्रबंध अडलाय," ती हसली. अडचण अशी की या जातींचा आपसांत सहज संकर होतो. हजारो वर्षं माणूस बदाम घेऊन फिरला, बागेतला पराग रानात गेला, रानातला बागेत आला, टाकलेल्या बियांची झाडं डोंगरात रुजली. आज डोंगरावर उभा असलेला बदाम मुळापासून रानटी की बागेतून पळालेला, हे बघून सांगता येत नाही. एकच पूर्वज असेल असा हट्ट सोडावा लागेल, असं तिला वाटतं. मला तिचं पटलं. घराण्याची वंशावळ काढायला बसलं की आपल्याकडेही असंच होतं.

उतरताना एका जुन्या कुंपणाला शेर होता, पानं नसलेल्या हिरव्या कांड्यांचा. भाची तिथे थबकली. इराणी आजोबांचं झुडूप, शास्त्रीय नाव 'स्कोपारिया', असंच दिसतं: झाडूसारख्या सरळ हिरव्या काटक्या. उन्हाळा लागला की पानं गाळून टाकतं, अन्न फांद्यांच्या हिरव्या सालीत तयार करतं. त्याचा भाऊ अरबी रानबदाम, 'अराबिका', तोही तसाच. इस्रायलमधल्या संशोधकांनी मोजून दाखवलं की त्याच्या फांद्या हिवाळ्यात, झाडावर पान नसतानाही, कार्बन डायऑक्साइड शोषून अन्न बनवतात. लागवडीच्या बदामाच्या फांद्या लवकर खरबरीत तपकिरी होतात, त्यांना ते जमत नाही. म्हणून दोघांचा संकर करून हा गुण कोणत्या गुणसूत्रावर आहे, याचा शोध त्यांनी घेतला. पाणी कमी होत चाललेल्या बागांना अशी झाडं हवी आहेत.

संध्याकाळी साडेचारला आभाळ आलं आणि अवकाळी पाऊस झाला, वीस मिनिटं, टपोरा. वाळत घातलेले कपडे भिजले. शेजारच्या आजी गॅलरीतून म्हणाल्या, "गेला मोहोर."

सोमवार : गणेशखिंडची बाग

विद्यापीठ ओलांडून औंधच्या बाजूला गणेशखिंडची जुनी बाग आहे, १८७३ मध्ये वनस्पती उद्यान म्हणून सुरू झालेली. वुडरो नावाचे ब्रिटिश अधीक्षक इथे होते. आता ती राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे, आणि तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे. आंब्याची जुनी झाडं मोठी आहेत, भर दुपारी खाली अंधार असतो. (रोपं घ्यायची असतील तर आधी वेळ विचारून जा. पिशवी आणि पाण्याची बाटली स्वतःची न्या.)

रोपवाटिकेत भेटलेल्या माळीकाकांना कालच्या पावसाची काळजी होती. मोहोर झडतो हे एक, पण ढगाळ हवेत तुडतुडे आणि भुरी येते ते जास्त वाईट. भाची म्हणाली की बदामवाल्यांचंही असंच असतं. बदाम आपल्या भावंडांत सगळ्यांत आधी फुलतो, पानांच्याही आधी, आणि मग उशिराचं दहिवर गोठलं की बहर जळतो. शिवाय बहुतेक जातींना स्वतःचा पराग चालत नाही, शेजारी दुसरी जात लागते आणि मधमाश्या लागतात. इटलीतल्या पुलिया भागातल्या काही जाती मात्र एकट्यानेही फळ धरतात. तो गुण तिथल्या रानातल्या 'वेबाय'कडून आला असावा, असं संशोधक मानतात.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोयीपासून करतात का कलम?"

हाच प्रश्न भाचीला हवा होता.

"काका, हापूसची कोय लावली तर?"

"आंबा येईल. हापूसच येईल असं नाही. म्हणून तर हे," असं म्हणून त्यांनी एक कलम उचलून जोड दाखवला. खाली रायवळ आंब्याचा खुंट, वर डोळकाडी. सांध्यावर जाड गाठ आली होती.

बदामाचं तसंच. गोडवा एका जनुकावर अवलंबून असतो, आणि गोड हा कडूला दाबून टाकतो. झाडात एक गोड आणि एक कडू अशी जोडी असली तरी बदाम गोडच लागतात, कारण अमिग्डालिन बनतं ते आईच्या पेशींत, दाण्याच्या आवरणात, आणि तिथे आईचंच चालतं. पण अशा दोन झाडांच्या संकराचं बी पेरलं तर चारातलं एक झाड दोन्हीकडून कडू घेऊन येऊ शकतं. मोठं झालं की त्याचे सगळे बदाम कडू. डोंगरातल्या एखाद्या घरी बियांपासून वाढवलेली चार झाडं असतील, त्यांत एक असं, आणि माल एकाच पोत्यात. ताईने शनिवारी थुंकलेला दाणा तिथला.

"म्हणजे कॅलिफोर्नियाचा कडू का लागत नाही?" ताईने विचारलं.

"कलमं," काकांनीच उत्तर दिलं.

हा गोडवा आला कुठून, हे २०१९ मध्ये कळलं. राकेल सांचेझ-पेरेझ आणि सहकाऱ्यांनी बदामाचा जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय माहिती, वाचून 'सायन्स' नियतकालिकात ते मांडलं. अमिग्डालिन बनवणारी जनुकं चालू करणारं एक प्रथिन आहे. त्यात एका जागी एक अमिनो आम्ल बदललं आणि ते प्रथिन कामाचं राहिलं नाही. कारखाना तसाच आहे, चालू करणारा गेला. रानात अशा झाडाचं काही खरं नव्हतं, उंदरांनी त्याची एकही बी ठेवली नसती. माणसाने ठेवली. आणि गोड हा प्रबळ असल्यामुळे कलम करायची कला यायच्या आधीही, नुसत्या बिया पेरून, त्याला पुष्कळशी गोड झाडं मिळत गेली. सफरचंद-नासपतीच्या बाबतीत हे जमण्यासारखं नव्हतं. इजिप्तचा राजा तुतनखामुन याच्या थडग्यात बदाम ठेवले गेले, इसवी सनापूर्वी १३२५ च्या सुमाराला, तोवर ही लागवड चांगलीच जुनी झालेली होती.

काकांना यातलं खुंटाचं जास्त महत्त्वाचं वाटलं. बदाम कशावर बांधतात? भाचीने सांगितलं की कॅलिफोर्नियात पुष्कळदा पीचवर, युरोपात पीच आणि बदामाच्या संकरावर, चुनखडीच्या जमिनीत तो चांगला टिकतो. इराणात रानातल्या 'स्कोपारिया'चा खुंट करून बघतात, दुष्काळ सोसतो म्हणून. "रायवळच की मग तो," काका म्हणाले.

मी शेवटी माझा मूळ प्रश्न विचारला: सांगलीला अंगणात बदाम लावला तर? काकांनी सरळ सांगितलं, झाड वाढेल, पण थंडीत पुरेशी झोप मिळाली नाही तर नीट फुलणार नाही, आणि फुललं तरी आपला पावसाळा त्याच्या फळाला मानवायचा नाही. "केसर न्या. केसर येईल."

ताईने केसरचं कलम घेतलं. काकांनी पिशवीला सुतळी बांधून दिली आणि दोनदा बजावलं: सांधा मातीत पुरायचा नाही, आणि सांध्याच्या खाली खुंटाला फुटवा आला की लगेच मोडायचा. नाहीतर तोच जोर धरतो आणि वरचा केसर बसतो. परतीच्या बसमध्ये कलम ताईच्या पायांशी होतं, कंडक्टरने त्याचं तिकीट मागितलं नाही.

परवा फोन आला. फुटवा आलाय, दोन पानांचा, तांबूस. ताईला तो मोडवत नाही. भाचीने तिला फोनवर रागावून झालंय, मीही सांगून झालंय. रविवारी मीच जाऊन मोडणार आहे.